घरी बनवलेली एव्ही केबल आणि जुने व्हिडिओ गेम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माळ्यावरून जुना गेम खाली निघतो, धूळ पुसली की चालू पण होतो, लाल लाइट लागते, आणि मग सगळं अडतं ते केबलवर, कारण केबल कुठेतरी हरवलेली असते किंवा उंदराने खाल्लेली असते. गेली काही वर्षं मी माझ्या आणि मित्रांच्या कन्सोलसाठी घरीच केबली बनवतोय आणि तेच तेच प्रश्न परत परत येतात, म्हणून सगळी उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवतोय.

बाजारात तयार केबल मिळते की, मग घरी कशाला बनवायची?

मिळते, आणि चांगली मिळाली तर खुशाल घ्या. पण बऱ्याच स्वस्त केबली कापून बघितल्या तर आत काय दिसतं माहितीये का, केसासारख्या बारीक तीन वायरी, एकीलाही जाळी (सिग्नलच्या वायरीभोवती गुंडाळलेलं बारीक तारांचं आवरण) नाही, ग्राउंड म्हणजे सिग्नल परत जायची वायर सगळ्यांना मिळून एकच. अशा केबलमधून गेमचं चित्र चमकदार झालं की आवाजात खरखर सुरू होते, कारण व्हिडिओ सिग्नल शेजारच्या ऑडिओच्या वायरीत शिरतो. घरी बनवताना प्रत्येक सिग्नलला स्वतःची जाळी देता येते आणि लांबी आपल्या टीव्हीच्या जागेप्रमाणे ठेवता येते, आणि काही कन्सोलची एस-व्हिडिओ (उजेड आणि रंग वेगळे नेणारी) किंवा आरजीबी (लाल, हिरवा, निळा वेगळे नेणारी) केबल आपल्याकडे दुकानात मिळतच नाही, तिथे तर दुसरा मार्गच नाही. एका संध्याकाळचं काम आहे. फक्त एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो आणि खाली पण परत सांगणार आहे: मल्टिमीटरने प्रत्येक वायर तपासल्याशिवाय केबल कन्सोलला लावायची नाही.

मला सोल्डरिंग येत नाही, जमेल का?

जमेल. आरसीए पिन म्हणजे टीव्हीत घालायची पिवळी, पांढरी, लाल पिन, तिचे टर्मिनल मोठे असतात त्यामुळे शिकायला हेच काम बरं. २५ वॅटचं साधं आयर्न, ६०/४० ची सोल्डर वायर आणि थोडा फ्लक्स (सोल्डर नीट धरावा म्हणून लावायची पेस्ट). आधी वायरीच्या टोकाला सोल्डर चढवायचा, मग पिनच्या टर्मिनलवर चढवायचा, आणि मग दोन्ही एकत्र टेकवून दोनतीन सेकंद गरम करायचं. सोल्डरचा टाका म्हणजे जोड चकचकीत आणि पसरलेला दिसला पाहिजे, गोळ्यासारखा वर बसलेला दिसला तर तो आत धरलेला नाही, परत गरम करा. पिन पकडायला पक्कड लावा पण प्लास्टिकचं कव्हर आधी वायरीत ओवून घ्या, नाहीतर सगळं सोल्डर झाल्यावर लक्षात येतं की कव्हर टेबलावरच राहिलं. ६०/४० मध्ये शिसं असतं म्हणून काम झाल्यावर हात साबणाने धुवा आणि खिडकी उघडी ठेवा, लहान मुलं शेजारी बसून बघत असतील तर हे जास्तच.

सामान कुठे मिळेल?

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्ली. बाकी ठिकाणी टीव्ही रिपेअरवाले आणि सीसीटीव्हीचं सामान विकणारे, दोघांकडे मिळून बहुतेक सगळं मिळतं. आरसीए पिन मागताना मेटल बॉडीची मागा, आत स्प्रिंग असलेली, ती वायरीला मानेजवळ आधार देते. हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केली की आवळून बसणारी नळी, दोनतीन साइजची घ्या.

वायर कोणती घ्यायची? डिश टीव्हीची उरलेली केबल चालेल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो कारण डिशची केबल प्रत्येकाच्या घरी पडलेली असते. ती आरजी-६ असते, व्हिडिओला हवी तशी ७५ ओहमचीच असते, म्हणजे कागदावर एकदम बरोबर. पण अडचण दोन ठिकाणी येते. एक तर ती जाड आणि ताठ, साध्या आरसीए पिनच्या कव्हरमध्ये जातच नाही. आणि दुसरं महत्त्वाचं, तिची जाळी बहुतेक वेळा अॅल्युमिनियमची असते आणि अॅल्युमिनियमवर साधा सोल्डर धरत नाही, कितीही फ्लक्स लावा, गोळा होऊन खाली पडतो. लोक तासभर झटतात आणि आयर्नला दोष देतात, पण दोष वायरीचा असतो.

त्यापेक्षा सीसीटीव्हीची थ्री प्लस वन केबल बघा. तिच्यात एक बारीक कोअॅक्स (मधे तार आणि भोवती जाळी असलेली वायर) व्हिडिओसाठी असते आणि तीन साध्या वायरी कॅमेऱ्याच्या पॉवर वगैरेसाठी. एकाच केबलमध्ये व्हिडिओ आणि दोन ऑडिओ, तिसरी वायर ऑडिओच्या ग्राउंडला, अगदी आपल्यासाठीच बनवल्यासारखी. दुकानात मात्र कॉपर मागा, अलॉय नको. खात्री करायची तर चाकूने तार खरवडा, आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली आहे. ऑडिओच्या तीन वायरींना वेगळी जाळी नसते ही तिची उणीव, पण दीड मीटरपर्यंत मला कधी त्रास झालेला नाही.

सगळ्यात छान काम होतं ते जुन्या चांगल्या एव्ही केबलने. जुन्या डीव्हीडी प्लेअरबरोबर यायची ना, थोडी जाड, तिन्ही वायरी एकमेकांना चिकटलेल्या, तिच्यात प्रत्येकीला वेगळी जाळी असते, दोन टोकांपैकी एका टोकाच्या पिना तयारच मिळतात, फक्त कन्सोलच्या बाजूचं टोक बदलायचं.

लॅनची केबल पण लोक वापरतात, चालते, पण ती भिंतीत टाकायची वायर असते, आत सॉलिड तार असते, रोज गुंडाळली की मधेच तुटते.

ऑडिओची वायर व्हिडिओला वापरली तर चित्र खराब होतं असं वाचलंय, खरं का?

खरं सांगायचं तर एकदोन मीटरसाठी ७५ ओहमचा फार बाऊ करू नका. कंपोझिट व्हिडिओची, म्हणजे एकट्या पिवळ्या पिनमधून जाणाऱ्या व्हिडिओची, सगळी माहिती साधारण ५ ते ६ मेगाहर्ट्झच्या आत असते, आणि ५ मेगाहर्ट्झची लाट केबलमध्ये सुद्धा ४० मीटरच्या आसपास लांब असते, तिच्यापुढे आपली दीड मीटरची केबल काहीच नाही, त्यामुळे ओहम चुकला म्हणून सावल्या दिसतील असं होत नाही. जास्त फरक जाळीने आणि चांगल्या ग्राउंडने पडतो. हॉलच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला दहा मीटर न्यायची असेल तर मात्र खरी ७५ ओहमचीच घ्या.

आपल्याकडचे कॅसेटवाले गेम असतात त्यांची केबल कशी बनवायची?

सगळ्यात सोपी. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी जे गेम होते ते बहुतेक निन्टेंडोच्या फॅमिकॉमची नक्कल होते. त्यांच्यावर बाजूला किंवा मागे दोन आरसीए सॉकेट असतात, पिवळं व्हिडिओ आणि पांढरं किंवा लाल ऑडिओ. म्हणजे दोन्ही टोकांना आरसीए पिन लावलेल्या दोन वायरी, झाली केबल. मधली पिन कोअरला म्हणजे वायरीतल्या मधल्या तारेला, बाहेरची रिंग जाळीला.

आवाज एकच, मोनो. टीव्हीच्या दोन्ही स्पीकरमधून हवा असेल तर टीव्हीच्या टोकाला एकाच वायरीतून पांढरी आणि लाल अशा दोन पिना काढा, एक सिग्नल दोन ठिकाणी वाटायला काही हरकत नाही. उलटं मात्र करू नका, म्हणजे कन्सोल स्टीरिओ आहे आणि टीव्हीला एकच ऑडिओचं भोक आहे तर दोन वायरी सरळ एकत्र पिळू नका, दोघींना एकेक १ किलोओहमचा रेझिस्टर लावून मग जोडा, नाहीतर दोन आउटपुट एकमेकांवर जोर लावतात.

जपानी ओरिजिनल फॅमिकॉम, १९८३ चा, त्याला एव्ही सॉकेटच नाहीये, फक्त अँटेनाची आरएफ वायर. त्याला बाहेरून केबल बनवून उपयोग नाही, आत सर्किट टाकावं लागतं. १९९३ चं जे एव्ही मॉडेल आलं त्याला मात्र खाली सांगितलेली १२ पिनची केबल लागते.

सुपर फॅमिकॉम, सुपर निन्टेंडो, एन ६४: यांची १२ पिनची केबल कशी असते?

इथे निन्टेंडोने खूप चांगलं काम केलंय, १९९० च्या सुपर फॅमिकॉमपासून १९९६ चा एन ६४ आणि २००१ चा गेमक्यूब, सगळ्यांना एकच सॉकेट. कंपोझिटची एक केबल बनवली की सगळीकडे चालते.

पिना दोन ओळीत असतात, एका ओळीत विषम आकडे, समोरच्या ओळीत सम. सुपर निन्टेंडोचा नकाशा असा: १ लाल, २ हिरवा, ३ ला मशीनप्रमाणे वेगळं (खाली वाचा), ४ निळा, ५ आणि ६ ग्राउंड, ७ एस-व्हिडिओचा वाय, ८ एस-व्हिडिओचा सी, ९ कंपोझिट, १० वर ५ व्होल्ट, ११ डावा ऑडिओ, १२ उजवा ऑडिओ. साध्या पिवळ्या-पांढऱ्या-लाल केबलला फक्त ५, ६, ९, ११, १२ लागतात.

आता नीट बघा, ९ च्या बरोबर समोर १० आहे. म्हणजे तुमच्या व्हिडिओच्या वायरीच्या समोर दीडदोन मिलिमीटरवर ५ व्होल्ट बसलेत. एक सुटी तार पलीकडे गेली तर ५ व्होल्ट थेट व्हिडिओच्या चिपच्या तोंडात. माझ्याकडून जाळीची एक तार १० नंबरला लागली होती, कन्सोल चालू केला आणि काहीच नाही, लाइट पण नाही, उघडल्यावर कळलं की आतला सोल्डर केलेला छोटा फ्यूज उडालाय. फ्यूज बदलून मशीन वाचलं, पण त्या रात्री मला झोप लागली नव्हती. तेव्हापासून १० नंबर लागत नसेल तर तो कॉन्टॅक्ट प्लगमधून ओढून काढूनच टाकतो, आणि प्रत्येक टाक्यावर स्लीव्ह घालतो.

हा प्लग आपल्याकडे सुटा मिळणं अवघड. म्हणून स्वस्तातली तयार कंपोझिट केबल घ्यायची, प्लग उघडायचा आणि वायरी आपल्या घालायच्या. घेताना तोंडात डोकावून कॉन्टॅक्ट मोजा, स्वस्त केबलमध्ये लागतात तेवढेच घातलेले असतात, एस-व्हिडिओ करायचा असेल तर ७ आणि ८ ला कॉन्टॅक्ट हवेत.

सेगाच्या मेगा ड्राइव्हचं काय? आणि ज्या कन्सोलचा पिनांचा नकाशाच सापडत नाही त्याचं?

पहिल्या मेगा ड्राइव्हला मागे ८ पिनचं गोल डिन सॉकेट असतं आणि तिथून आवाज मोनोच येतो, स्टीरिओ हवा असेल तर पुढच्या हेडफोनच्या भोकातून ३.५ एमएमची वायर काढायची. दुसऱ्या मॉडेलला ९ पिनचं मिनी डिन आहे आणि त्यात स्टीरिओ मागूनच मिळतो. दोघांचे प्लग एकमेकांना बसत नाहीत, विकत घेताना मॉडेल विचारून घ्या.

नकाशाबद्दल सांगतो, नकाशा हातात असला तरी त्याच्यावर एकट्यावर विश्वास ठेवू नका. नकाशा सॉकेटच्या समोरून काढलाय का सोल्डरच्या बाजूने, हे बऱ्याचदा लिहिलेलंच नसतं आणि तिथेच सगळा घोटाळा होतो, डावं उजवं होतं. खात्री करायचा साधा उपाय असा. कन्सोल बंद, अडॅप्टर काढलेला. वरचं झाकण उघडा, आत ७८०५ नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर पत्र्याला स्क्रूने बसवलेला दिसेल, त्या काळच्या निन्टेंडो आणि सेगाच्या मशीनमध्ये हा सर्रास असतो. त्याचा मधला पाय आणि पाठीचा पत्रा म्हणजे ग्राउंड, आणि अक्षरं आपल्याकडे, पाय खाली धरले तर उजवीकडचा तिसरा पाय म्हणजे ५ व्होल्ट. मीटर बीपवर (दोन टोकं जोडलेली असली की वाजणारी रेंज) ठेवा, एक प्रोब पत्र्याला, दुसरा सॉकेटच्या एकेका पिनला, जिथे बीप तिथे ग्राउंड. मग प्रोब तिसऱ्या पायाला, जिथे बीप तिथे ५ व्होल्ट. हे दोन ठिकाण पक्के झाले की नकाशा सरळ धरलाय का उलटा हे लगेच कळतं, आणि मशीनला इजा करू शकणाऱ्या पिना कोणत्या ते पण कळतं. कागदावर खूण करून ठेवा.

डब्बा टीव्ही मात्र उघडू नका, कोणत्याही कारणासाठी. बंद केल्यावर पण पिक्चर ट्यूबमध्ये जीवघेणं व्होल्टेज राहतं.

केबल तयार झाली. लावायच्या आधी नक्की काय काय तपासायचं?

इथे घाई नको. केबल दोन्ही बाजूंनी मोकळी ठेवा, कुठेच लावलेली नको. आधी प्रत्येक वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत बीप येतेय का बघा, आणि बघताना वायर मानेजवळ हलवत राहा, बीप तुटक आली तर टाका कच्चा आहे. मग उलटी तपासणी, जी लोक सोडून देतात, म्हणजे प्रत्येक पिन बाकीच्या प्रत्येक पिनबरोबर बीप देत नाहीये ना हे बघायचं. पिवळीची कोअर आणि पिवळीची रिंग, पिवळीची कोअर आणि पांढरीची कोअर, असं सगळं. रिंग सगळ्या एकमेकींना बीप देतील, ते बरोबर आहे, ग्राउंड एकच असतं. केबलमध्ये ७५ ओहमचे रेझिस्टर टाकले असतील तर काही मीटर तिथे पण बीप देतात, म्हणून अशा ठिकाणी ओहमच्या रेंजवर आकडा बघा, ७५ च्या आसपास आला पाहिजे.

मग केबल फक्त कन्सोलला लावा, टीव्हीला नाही. कन्सोल चालू करा आणि मीटर डीसी व्होल्टवर ठेवून पिवळी, पांढरी, लाल तिन्ही मोजा. कुठेही ५ व्होल्ट दिसले तर लगेच बंद. व्हिडिओवर थोडे व्होल्ट दिसतात, ऑडिओवर जवळजवळ शून्य. हे सगळं झालं की मगच टीव्ही. दहा मिनिटं जातात, पण तीस वर्षांचं मशीन आहे, त्याची चिप आता नवीन मिळत नाही.

चित्र काळंपांढरं येतंय, केबल चुकली का?

बहुतेक वेळा नाही. आपल्याकडे दूरदर्शनमुळे टीव्ही पॅल सिस्टिमचे, ६२५ रेषा आणि सेकंदाला ५० फील्ड, आणि जपान-अमेरिकेचे कन्सोल एनटीएससी, ५२५ रेषा आणि ६०. रंगाची फ्रिक्वेन्सी पण वेगळी, पॅलची ४.४३ मेगाहर्ट्झ आणि एनटीएससीची ३.५८. टीव्हीला ३.५८ ओळखता आली नाही की रंग गायब होतो आणि राहतं ते काळंपांढरं. मेनूमध्ये कलर सिस्टिम ऑटोवरून काढून एनटीएससी ३.५८ करून बघा, बरेच जुने मल्टिसिस्टिम डब्बा टीव्ही घेतात. फक्त पॅलवालाच टीव्ही असेल तर चित्र वरखाली फिरत पण राहील आणि तिथे केबल कितीही चांगली केली तरी काही होणार नाही.

एलसीडी टीव्हीवर अजून एक बघा, पिवळं आणि कंपोनंटचं (लाल-हिरव्या-निळ्या तीन पिनांनी जाणारा व्हिडिओ) हिरवं एकाच भोकात दिलेलं असतं, आणि टीव्ही कंपोनंटवर राहिला तर काळंपांढरंच दिसतं. सोर्स बदलून एव्ही करा.

स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज येतो, तंबोरा लावल्यासारखा.

एकसुरी असेल तर तो ५० हर्ट्झचा किंवा त्याच्या दुपटीचा हम आहे, म्हणजे पॉवरकडून आलाय. आधी ऑडिओचं ग्राउंड दोन्ही टोकांना खरंच जोडलंय का बघा, नव्वद टक्के तिथेच सापडतं. मग अडॅप्टर बदलून बघा. पण अडॅप्टर बदलताना पोलॅरिटी बघा हो, फॅमिकॉम आणि पहिला मेगा ड्राइव्ह या दोघांना मधे मायनस आणि बाहेर प्लस लागतं, आणि आजकालचे बहुतेक अडॅप्टर उलटे, मधे प्लस असतात. अमेरिकन एनईएसचा (तिकडच्या फॅमिकॉमचा) अडॅप्टर तर ९ व्होल्ट एसी देतो, तो दुसऱ्या कशालाही लावू नका.

आवाज चित्राप्रमाणे बदलत असेल, म्हणजे पांढरी स्क्रीन आली की जोरात आणि काळी आली की शांत, तर तो हम नाही, व्हिडिओ ऑडिओत गळतोय. त्याला वेगळी जाळी हाच उपाय.

एकाच कन्सोलवरून दोन टीव्ही लावले तर चित्र अंधारं का होतं?

व्हिडिओचं गणित असं आहे की कन्सोलच्या आतून साधारण २ व्होल्टचा सिग्नल ७५ ओहममधून बाहेर येतो आणि टीव्ही पण आत ७५ ओहम लावून बसलेला असतो, दोघांत वाटणी होऊन १ व्होल्ट उरतो आणि टीव्हीला तेवढाच हवा असतो. दुसरा टीव्ही एकाचे दोन करणाऱ्या वाय आकाराच्या पिनने जोडला की टीव्हीकडचे ७५ चे साडेसदतीस होतात आणि सिग्नल ०.६७ व्होल्टवर येतो, म्हणून अंधारं. ऑडिओला हे होत नाही. दोन टीव्ही हवेच असतील तर पॉवरवाला एव्ही स्प्लिटर घ्या.

याच कारणामुळे कुठे वाचलं म्हणून ७५ ओहमचे रेझिस्टर उगाच टाकू नका. ते कुठे लागतात आणि कुठे नाही हे मशीनप्रमाणे ठरतं. चित्र फिकट म्हणजे एक रेझिस्टर जास्त झाला, चित्र भडक आणि पांढरं फुललेलं म्हणजे एक कमी पडला.

एस-व्हिडिओ करायचा का? फरक पडतो का खरंच?

पडतो, आणि माझ्या मते मेहनतीच्या मानाने सगळ्यात जास्त फायदा इथेच आहे. कंपोझिटमध्ये उजेड आणि रंग एकाच वायरीत कोंबलेले असतात, टीव्ही ते परत वेगळे करतो आणि करताना चुकतो, म्हणून अक्षरांच्या कडेला ठिपके सरकताना दिसतात. एस-व्हिडिओत उजेड म्हणजे वाय आणि रंग म्हणजे सी वेगवेगळ्या वायरीने जातात. ४ पिनचा मिनी डिन: १ वायचं ग्राउंड, २ सीचं ग्राउंड, ३ वाय, ४ सी. सुपर निन्टेंडोच्या ७ वरून ३ ला, ८ वरून ४ ला, आणि ऑडिओ आधीसारखाच. दोन्हीला वेगळी कोअॅक्स द्या. हा मिनी डिन प्लग सोल्डर करायला अवघड, पिना आयर्नच्या उष्णतेने प्लास्टिकमध्ये वाकड्या होतात, म्हणून सॉकेटमध्ये खुपसून ठेवून सोल्डर करा म्हणजे सरळ राहतात. एक लक्षात ठेवा, पॅल गेमक्यूब एस-व्हिडिओ देत नाही.

मेगा ड्राइव्हवाल्यांना मात्र एक सांगावंसं वाटतं. त्याचे बरेच गेम कंपोझिटचा धूसरपणा धरूनच काढलेत. १९९१ च्या सॉनिकमधला धबधबा उभ्या पट्ट्यापट्ट्यांचा आहे, कंपोझिटवर त्या पट्ट्या मिसळून पाणी पारदर्शक दिसतं आणि आरजीबीवर नुसत्या पट्ट्या दिसतात. मी त्याला कंपोझिटच ठेवलाय.

मी यूकेत राहतो, इथे जुन्या टीव्हीला स्कार्ट आहे. आरजीबी केबल बनवता येईल का?

नक्की, आणि तुमच्याकडे डब्बा टीव्ही स्कार्टवाला असेल तर तो सांभाळून ठेवा, आम्हाला इथे तसा मिळत नाही. स्कार्ट म्हणजे युरोपातल्या टीव्हीचं २१ पिनांचं सॉकेट, टीव्हीच्या बाजूला त्यांपैकी लागतात त्या या: १५ लाल, ११ हिरवा, ७ निळा, आणि त्यांचे ग्राउंड अनुक्रमे १३, ९, ५. सिंक (चित्र जागेवर धरून ठेवणारा सिग्नल) २० ला, त्याचं ग्राउंड १७. ऑडिओ उजवा २, डावा ६, ग्राउंड ४. टीव्हीला आरजीबी आहे हे कळायला १६ नंबरवर १ ते ३ व्होल्ट द्यावे लागतात, कन्सोलच्या ५ व्होल्टवरून १८० ओहमच्या रेझिस्टरमधून दिले की टीव्हीच्या ७५ ओहमवर साधारण दीड व्होल्ट होतो, बरोबर बसतं. १६ चं ग्राउंड १८.

आता धोक्याची जागा. पॅल सुपर निन्टेंडोच्या ३ नंबरवर १२ व्होल्ट असतात, ते स्कार्टच्या ८ नंबरला जाऊन टीव्हीचा सोर्स आपोआप बदलतात. जपानी आणि अमेरिकन मशीनच्या त्याच ३ नंबरवर सिंक असतो. जपानी मशीनसाठी बनवलेली सिंकची केबल पॅल मशीनला लावली तर टीव्हीच्या सिंकच्या भोकात १२ व्होल्ट जातात. म्हणून मी सिंक ९ नंबरच्या कंपोझिटवरून किंवा ७ नंबरच्या वायवरून घ्यायला सांगतो, दोन्ही मशीनला सुरक्षित. आणि रंगाच्या तीन वायरींना जपानी-अमेरिकन मशीनला २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ओळीत लावायचा, प्लसचा पाय कन्सोलकडे, तर पॅल मशीनला कपॅसिटर नाही, प्रत्येक रंगापासून ग्राउंडला ७५ ओहमचा रेझिस्टर. मेगा ड्राइव्हचा वेगळा सिंक वापरणार असाल तर तो लॉजिक लेव्हलचा, जास्त व्होल्टेजचा असतो, मधे ४७० ओहम टाका.

जपानी आरजीबी केबलचा प्लग पण दिसायला हुबेहूब स्कार्टच असतो पण आतली जोडणी पूर्ण वेगळी. ती युरोपियन टीव्हीला लावू नका.

आमच्याकडे स्कार्ट नाही, मग आरजीबीच्या तीन वायरी टीव्हीच्या लाल हिरव्या निळ्या कंपोनंटमध्ये घातल्या तर?

भोकांचे रंग तेच आहेत म्हणून सगळ्यांना वाटतं चालेल, पण नाही चालत. कंपोनंटमध्ये हिरव्या वायरीत पूर्ण उजेड आणि सिंक असतो, बाकी दोघींत रंगांचा फरक असतो. मधे आरजीबीचं कंपोनंट करणारा ट्रान्सकोडर लागतो. किंवा ओएसएससी, रेट्रोटिंक असे स्केलर, म्हणजे जुनं चित्र नवीन टीव्हीसाठी बदलून देणारे डबे आहेत, ओएसएससीला तर स्कार्टचं भोकच आहे, म्हणजे भारतात राहून पण वरची स्कार्टची केबल कामाला येते.

नवीन टीव्हीला एव्हीच नाही, एचडीएमआयची वायर बनवता येईल का?

नाही. एचडीएमआय डिजिटल आहे, नुसत्या वायरी जोडून होत नाही, कन्व्हर्टर लागतो. स्वस्त कन्व्हर्टर चालतात, पण जुन्या गेमचं २४० रेषांचं चित्र त्यांना इंटरलेस्ड (एकाआड एक रेषांचं अर्धं अर्धं चित्र) वाटतं आणि लुकलुकणाऱ्या गोष्टी, म्हणजे मार लागल्यावर चमकणारा हिरो किंवा पायाखालची सावली, गायब तरी होतात किंवा फाटतात. शिवाय बटण दाबल्यावर उडी उशिरा. परवडत असेल तर रेट्रो गेमसाठीच बनवलेला स्केलर घ्या, नाहीतर ओळखीत कुणाचा डब्बा टीव्ही भंगारात जातोय का विचारा.

प्लेस्टेशनची केबल?

पीएस १, पीएस २, पीएस ३ तिघांचं सॉकेट एकच आणि पीएस २ आपल्याकडे इतका खपलाय की केबल अजून सहज मिळते. विकतच घ्या, आतून बारीक निघाली तर प्लग ठेवून वायरी बदला. अगदी सुरुवातीच्या काही पीएस १ ना मागे थेट आरसीए सॉकेट आहेत, त्यांना कसलीही साधी एव्ही केबल चालते.

टीव्हीला ३.५ एमएमचं एव्हीचं भोक आहे, त्यात कॅमेऱ्याची जुनी वायर लावली तर आवाजाच्या जागी कर्कश्श आवाज आणि चित्र नाही.

त्या पिनवर चार पट्ट्या असतात आणि व्हिडिओ कोणत्या पट्टीवर, ग्राउंड कोणत्या पट्टीवर हे कंपनीप्रमाणे बदलतं. तिन्ही आरसीए पिना आलटून पालटून बघा, नुसता क्रम बदललेला असेल तर जमून जातं. ग्राउंडची जागाच वेगळी असेल तर जमणार नाही, मग टीव्हीबरोबर आलेली वायर शोधा किंवा चार पट्ट्यांची पिन आणून बीपने बघून स्वतः जोडा.

स्क्रीनवर पुसट उभ्या रेषा दिसतात, केबल जाड केली तर जातील का?

नाही जाणार. त्या कन्सोलच्या बोर्डवरच तयार होतात, फॅमिकॉममध्ये आणि त्याच्या नकलांमध्ये हमखास असतात.

केबल दोन महिन्यांत मानेजवळ तुटते, काय करू?

टाक्यावर ताण यायला नको. आत वायरीला झिप टाय घट्ट बांधा म्हणजे ओढलं तरी झिप टाय कव्हरला अडकेल आणि टाका ओढला जाणार नाही, मग ग्लू गनने आत भरा, पण भरायच्या आधी वरची तपासणी पूर्ण करा कारण नंतर उघडणं नकोसं होतं. काढताना प्लग धरून काढा, वायर ओढून नाही. आणि बनवली की लगेच कागदाची चिठ्ठी सेलोटेपने चिकटवा: कोणत्या मशीनची, पॅल का एनटीएससी, आत कपॅसिटर का रेझिस्टर, तारीख. माझ्या खोक्यात आता अकरा केबली आहेत आणि बाहेरून त्या सगळ्या सारख्याच दिसतात.